मिठाच्या जागी

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढायची, ती माणसं आभार मानायच्या ऐवजी चार शब्द सुनावून निघून गेली की ग्रीसने माखलेल्या हातांनी पुन्हा त्या अंधाऱ्या उभ्या बोळात उतरायचं, असं ते काम. निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं की आता उरलेलं आयुष्य मी उजेडात काढणार. ताईला वाटलं, कुठेतरी फिरायला नेतील. दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन आले.

त्यांचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक चिंचोळी पट्टी होती. घरात जे नको असेल ते तिथे जायचं. मोडकी खुर्ची, गळकी बादली, कुणाच्या तरी जुन्या संडासाचं भांडं. भाऊजींनी ते सगळं उपसलं. खाली माती निघेल असं वाटलं होतं, निघाल्या विटा आणि सिमेंटचे गोळे. ते चाळणीतून माती चाळत बसायचे आणि मी कट्ट्यावर चहा पीत त्यांची थट्टा करायचे. मी तेव्हा पोस्टात खिडकीवर बसायची, म्हणून ते मला 'खिडकी' म्हणायचे. अजूनही म्हणतात. माझं खरं नाव ते विसरले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

पहिल्या वर्षी दोन काकड्या आल्या. एक करंगळीएवढी आणि दुसरी वाकडी. त्यांनी त्या कापून तिघांना सारख्या वाटल्या आणि आम्ही खाईपर्यंत आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, भाऊजी, बाजारात यापेक्षा मोठ्या फुकट टाकून देतात. ताईने मला टेबलाखालून लाथ मारली. पण माणूस चिवट. दोन-तीन वर्षांत त्या पट्टीत शेंगा, टोमॅटो, वांगी, गाजरं, कोबी इतकं येऊ लागलं की ते खायचं कुणी हा प्रश्न पडला. ताई-भाऊजींना मूलबाळ नाही, मी एकटी दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. शेजाऱ्यांना वाटून वाटून शेवटी शेजारीच दार उघडायला कंटाळा करायला लागले.

मग भाऊजी बरण्यांकडे वळले. काचेच्या बरण्या गरम पाण्यात उकळून घ्यायच्या. भांड्याच्या तळाशी फडकं घालायचं, नाहीतर काच तडकते. काकडीचं फुलाकडचं टोक कापून टाकायचं, नाहीतर ती लिबलिबीत होते. मिठाचं पाणी उकळून, निववून भाज्यांवर ओतायचं आणि भाजी वर तरंगू नये म्हणून वर एक धुतलेला गुळगुळीत दगड ठेवायचा. शेंगा आणि गाजरं व्हिनेगरच्या पाण्यात भरून बरणीसकट उकळायची. भांड्यातून काढलेल्या बरण्या ओट्यावर थंड होताना त्यांची झाकणं आत ओढली जातात आणि 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे बरणी बसली. त्या वेळी घरात कुणी बोललेलं भाऊजींना चालायचं नाही. बोट वर करून उभे राहायचे. सगळ्या बरण्या बोलून झाल्या की मगच आम्हाला बोलायची परवानगी.

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. काही मोडलं, संपलं, मिळेनासं झालं तर हा माणूस कधी हात टेकायचा नाही. ते म्हणायचे, पार्ट मिळत नाही म्हणून लिफ्ट बंद ठेवायची नसते, त्या मापाचा दुसरा बसवायचा. ताईच्या चष्म्याची काडी तुटली तर तिथे तार. माझ्या पंख्याचं बटण गेलं तर तिथे कुठल्याशा लिफ्टचं लाल बटण, ज्याच्यावर अजून 'तळमजला' लिहिलेलं आहे. दिसायला ध्यान, पण चालायचं. त्यांनी बसवलेलं सगळंच चालायचं आणि मला तक्रारीला जागाच उरायची नाही, याचा मला मनातून राग यायचा.

ताई मात्र मातीत कधी उतरली नाही. ती बालवाडीत शिकवायची, दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून यायची आणि म्हणायची, तुम्ही पिकवा, मी खाते, कामाची वाटणी झाली. आणि खायचीही अशी की बघणाऱ्याला भूक लागावी. खारवलेल्या काकड्या संपल्या की बरणीतलं आंबूस खारट पाणी ती वाटीत ओतून घ्यायची आणि घोट घोट प्यायची. भाऊजी ते बघत राहायचे. मी त्यांना कधी प्रेमाचं अक्षर बोलताना ऐकलं नाही, पण त्या वाटीकडे बघताना त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

ताईच्या पायांवर सूज यायला लागली ती बालवाडी सोडल्यानंतर. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या बऱ्याचशा गेल्यात असं निघालं. डॉक्टर भला माणूस होता, पण घाईत असायचा. म्हणाला, मीठ जवळजवळ बंद, सोडियम वाढता कामा नये. पुढच्या खेपेला म्हणाला, आता पोटॅशियमपण वाढतंय, म्हणजे टोमॅटो, पालक, बटाटा बंद. बाकीच्या भाज्या बारीक चिरून पाण्यात ठेवा, उकळा, ते पाणी फेका, पुन्हा उकळा, तेही फेका, मग खा. भाऊजी प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते, जणू कुणी त्यांना नव्या यंत्राची माहिती देतंय.

घरी आल्यावर त्यांनी टोमॅटोची रोपं मुळासकट उपटली. फळांनी लगडलेली रोपं होती. मी म्हटलं, अहो, मी खाते की, माझ्या किडन्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? ते म्हणाले, हिच्या डोळ्यांसमोर नकोत. मग रोजचा तो उद्योग सुरू झाला. स्वतः लावलेल्या, स्वतः पाणी घातलेल्या, पानं उलटून अळ्या वेचलेल्या शेंगा चिरायच्या आणि दोनदा उकळून त्यांचा सगळा जीव मोरीत ओतायचा. ताई एकदा चेष्टेने म्हणाली, ते पाणी गार करून झाडांना तरी घाला. भाऊजी म्हणाले, त्यांचंच त्यांना? आणि पातेलं मोरीत उपडं केलं.

उरायचा तो चोथा. रंग नाही, चव नाही, मीठ नाही. ताई दोन घास खायची आणि ताट सरकवायची. पुढे एकच घास, पुढे तोही नको. तिचे हात काड्यांसारखे झाले. भाऊजी ताट घेऊन तिच्या मागे मागे फिरायचे, लिंबू पिळून बघायचे, मिरी भुरभुरवून बघायचे, आणि ती म्हणायची, अहो, उगाच का कष्ट घेता, मला भूकच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बंद पडलेलं चालू केलं, त्याच्यासमोर बायको रोज थोडी थोडी बंद पडत होती आणि त्याच्या हाताला काही लागत नव्हतं. मी तिथून घरी जाताना रस्त्यात रडायची.

मग एक दिवस ते माझ्याकडे आले, हातात एक पुडा. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, किडनी देणारा कुणी सापडला. पुड्यात मीठ होतं. कमी सोडियमचं मीठ. पुड्यावर लाल बदाम काढलेला, हृदय सांभाळा वगैरे. दुकानदाराने सांगितलं होतं की रक्तदाबाचे लोक हेच नेतात. भाऊजी म्हणाले, "डॉक्टर मिठाला वाईट म्हणत नाही, सोडियमला म्हणतो. मग तेवढा पार्ट काढून टाकला की झालं." मीही पुडा उलटासुलटा करून पाहिला, चाखून पाहिलं, खारट लागलं, आणि म्हटलं, भाऊजी, तुम्हाला मानलं. घरचं मीठ बंद ठेवून त्यांनी सगळ्याला ते मीठ सुरू केलं. डॉक्टरला विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. मीठ ते मीठ, त्यात विचारायचं काय?

मागच्या पट्टीत तेव्हा काकड्यांचा आणि शेंगांचा भर होता. भाऊजींनी पुन्हा बरण्या काढल्या. ते आधी भाज्या दोनदा उकळून त्यांतलं पोटॅशियम मोरीत सोडायचे आणि मग त्या नव्या मिठाच्या पाण्यात मुरवायचे. काकड्या उकळता येत नाहीत म्हणून त्या नुसत्याच. ताईने पहिला घास खाल्ला आणि थांबली. मग दुसरा घेतला. त्या दिवशी तिने ताट पुसून खाल्लं आणि भाऊजी उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आले नाहीत.

ती म्हणाली होती एकदा, शेवटी जरा कडवट लागतं हो. भाऊजींना वाटलं, काकडीची साल कडू निघाली. पुढच्या वेळी त्यांनी साली काढून काकड्या भरल्या. ताई पहिल्यासारखं बरणीतलं पाणी वाटीत घेऊन प्यायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो.

तीन-चार आठवडे गेले असतील. एका सकाळी ताई खुर्चीतून उठायला गेली आणि पायच हलेनात. म्हणाली, पाय माझे नाहीतच जणू. मग छातीत कसंतरी होतंय म्हणाली आणि डोळे फिरवले. भाऊजींचा मला फोन आला तेव्हा त्यांना पत्ताही नीट सांगता येत नव्हता, स्वतःच्याच घराचा. इस्पितळात नेल्यावर तिच्या छातीला तारा लावल्या आणि ती रेघ बघून दोन डॉक्टर धावत आले. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. इंजेक्शनं दिली, मानेत नळी घालून रक्त डायलिसिसच्या मशिनवर घेतलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊजींच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

ताई वाचली. दोन दिवसांनी वॉर्डात आली. त्या दुपारी भाऊजी औषधं आणायला खाली गेले असताना तिथल्या आहाराच्या बाई आल्या, तरुण मुलगीच होती. घरी काय काय खाणं होतं ते विचारत गेली. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, भाऊजी भाज्या कशा दोनदा उकळतात, मीठसुद्धा कसं कमी सोडियमचं आणतात. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, त्या मिठात सोडियम कमी करतात ते त्याच्या जागी पोटॅशियम घालून. इतरांना चालतं, किडनीच्या माणसाला ते विष आहे. किती दिवस खात होत्या?

शेजारी खाटेवर ताई डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपलीय. ती मुलगी डॉक्टरांना सांगते म्हणून वळली, तेव्हा ताईने डोळे उघडले आणि तिचा हात धरला. तिला म्हणाली, डॉक्टरांना सांगा, पण माझ्या नवऱ्यासमोर कुणी बोलू नका. मुलगी गोंधळली, बरं म्हणून गेली. मग ताई माझ्याकडे वळली.

"ह्यांना सांगायचं नाही."

मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला? न सांगून कसं चालेल? उद्या पुन्हा तेच मीठ घालतील."

"मी खाणार नाही. डॉक्टर म्हणाले कुठलंच मीठ नको, असं तू सांग. पण आपल्याच हाताने झालं, हे त्यांना कळता कामा नये. तुला माहिती आहेत ना ते? पुन्हा घरात काही शिजवणार नाहीत."

मी हो म्हटलं. दुसरं काय करणार? ती मरता मरता वाचलेली, मी तिच्याशी भांडू का?

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले. त्यांच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टर, खाटेच्या पायाशी भाऊजी. त्या मुलीचा निरोप डॉक्टरांपर्यंत अजून गेला नसावा, कारण त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, पोटॅशियम एवढं चढलं कशाने, काय खाल्लं होतंत? भाऊजी सांगायला लागले की मी तर सगळं उकळून… तेवढ्यात ताई म्हणाली, "मी केळी खाल्ली. शेजारणीकडून मागून आणायची. रोज. ह्यांना माहीत नव्हतं."

डॉक्टरने तिला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. मरायचंय का, आम्ही इथे काय झक मारायला बसलोय का, तुमचा नवरा बिचारा एवढं करतो आणि तुम्ही चोरून खाता? सगळा वॉर्ड ऐकत होता. ताई चादरीकडे बघत राहिली. डॉक्टर गेले आणि मग भाऊजी बोलले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "मी तिकडे एकेक शेंग उकळतोय आणि तू केळी खातेस? लाज नाही वाटत? एवढी जीभ सुटली?" शेजारच्या खाटेवरच्या बाई तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं. ताईने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

घरी आल्यावर भाऊजी तिचे पहारेकरी झाले. शेजारणीला जाऊन सांगून आले की हिला काही द्यायचं नाही. ती बाई बिचारी बुचकळ्यात पडली, कारण तिच्या घरी केळी कुणी खातच नाही. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला ताकीद दिली. ताईची पर्स बघायचे, उशीखाली हात घालून बघायचे, ती न्हाणीघरातून आली की तिच्या तोंडाचा वास घ्यायचे. गल्लीतल्या बायका तिला बघून हसू दाबायच्या. ती सगळं सोसायची आणि मला म्हणायची, चालू दे, कामात आहेत ते. मीठ मी माझ्या पिशवीत घालून नेलं आणि फेकलं, डॉक्टरने आता कुठलंच मीठ नको सांगितलंय म्हणून. बरण्या मात्र फडताळात तशाच होत्या. मी त्या फोडून टाकते म्हणाले तर ताई म्हणाली, राहू देत, नुसत्या बघायलाच आहेत. भाऊजींना तिने सांगितलं की तोंडाची चव गेली, मला त्या नकोत. ते बरं म्हणाले. पण तिने आपलं खाणं नाकारलं याचा घाव कुठे बसला ते दिसत होतं.

आता तिला आठवड्यातून दोनदा मशिनवर न्यावं लागायचं. सकाळी नेलं की दुपारपर्यंत. आत ओळीने खाटा, बाहेर लोखंडी बाकं, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. बाहेर बसणारे नातेवाईक हळूहळू एकमेकांना ओळखायला लागतात. एक शिंपी होता, आईला घेऊन यायचा आणि तिथे बसल्या बसल्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावायचा. तिथे सगळ्यांचं बोलणं एकच, आमचं माणूस जेवत नाही, बेचव खाऊन कंटाळलंय. भाऊजी त्यांना भाज्या दोनदा कशा उकळायच्या, लिंबू कधी पिळायचं हे शिकवायचे. मी रजा मिळेल तेव्हाच जायची, त्यामुळे तिथे आणखी काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ताई आत मशिनवर होती आणि भाऊजी बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. मी शेजारी बसले तर आतून काचेवर काच वाजली. पिशवीत बरण्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी एक बाहेर काढून शिंप्याच्या हातात ठेवली. म्हणाले, ही काकड्यांची. हिने केळी खाऊन घोळ केला म्हणून डॉक्टरने हिचं सगळंच बंद केलं, पण तुझ्या आईने काय पाप केलंय? कमी सोडियमचं मीठ आहे, जेवायला लागेल बघ. शिंपी बरणी उजेडाकडे धरून बघत होता. आत काकड्या अगदी हिरव्यागार, ओळीने रचलेल्या.

मधल्या काचेतून आत ताई दिसत होती, पण तिला विचारणार कसं? तिच्या हातात सुया होत्या. मला वाटलं, मी इथून उठून जावं. वाटलं, बरणी माझ्या हातून पडल्यासारखं करावं. पण पिशवीत आणखी होत्या, आणि घरी फडताळ भरलेलं होतं.

"भाऊजी, ती देऊ नका."

"का?"

"त्या मिठात पोटॅशियम आहे. सोडियम काढून त्याच्या जागी तेच घालतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लिफ्टच्या आवाजाकडे कान लावायचे तसं. "त्याच्या जागी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी शिंप्याच्या हातातली बरणी हळूच काढून घेतली आणि पिशवीत ठेवली. मग एकदम त्याचा दंड धरला. "मागच्या खेपेला दिलेली? ती खाल्ली का आईने?" शिंपी घाबरून म्हणाला, नाही हो, झाकणच उघडेना, उद्या कुणाकडून तरी उघडून घेणार होतो. भाऊजींनी त्याला चार चार वेळा बजावलं की उघडू नकोस, फेकून दे. दुसऱ्या कुणाला अजून दिलेली नव्हती. मग बाकाच्या कडेला बसले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हिला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे केळी…"

"नाही खाल्ली. एकही नाही."

ते उठले आणि आत गेले. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, पण नर्सने त्यांचा चेहरा पाहिला आणि अडवलं नाही. मी मागे गेले. ताईने आधी त्यांना पाहिलं, मग मला, आणि तिला कळलं. माझ्याकडे तिने असं काही पाहिलं की मी आजवर ती नजर विसरलेली नाही. भाऊजी खाटेजवळ उभे राहिले. बाजूला तिचंच रक्त नळीतून जात-येत होतं. मला वाटलं, ते मिठाचं बोलतील.

ते म्हणाले, "मी तुला सगळ्यांदेखत बोललो."

ताई म्हणाली, "बोललात तर बोललात. मी काय विरघळले?"

"उशी तपासली तुझी. तोंडाचा वास घेतला."

"अहो, तुमच्या हातचं बंद झालं असतं, तर मी कोणाच्या हातचं खायचं? हिच्या?" असं म्हणून तिने माझ्याकडे बोट करायला हात उचलला, नळी दबली आणि मशीन ओरडायला लागलं. नर्स धावत आली आणि तिने आम्हाला दोघांना बाहेर काढलं. बाहेर येऊन भाऊजी भिंतीकडे तोंड करून रडले. शिंप्याने सुई खाली ठेवली आणि आपला रुमाल त्यांना दिला.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. ताईची भीती खरी ठरली. त्यांनी त्यानंतर चूल पेटवलेली नाही. मागची पट्टी अजून आहे, तिथे अजून सगळं येतं, आणि ते सगळं कच्चंच गल्लीत वाटलं जातं. मी निवृत्ती घेऊन आता त्यांच्याकडेच राहते. स्वयंपाक मी करते. तो मला येत नाही, हे ताई रोज सांगते. मी शेंगा दोनदा उकळते, पाणी फेकते आणि तिच्यासमोर ठेवते. भाऊजी दाराशी उभे राहून बघतात, ती घास सरकवते तेव्हाही बघतात, पण पुढे येत नाहीत. ताईने विनवण्या केल्या, रागावली, एकदा तर जेवणच सोडलं. तुम्ही नुसतं वाढा तरी, म्हणाली. त्यांनी चमचा हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, हे वाढलं तर चालेल ना? मी हो म्हटलं तरी त्यांनी तो परत ठेवला. एवढा हिकमती माणूस, त्याला आता काहीच बसवता येत नाही. मी समजावलं, डॉक्टरने समजावलं, त्या आहाराच्या मुलीनेही येऊन सांगितलं की तुमची चूक नव्हती. ते सगळ्यांना हो म्हणतात.

परवा मी पोळलेलं बोट नळाखाली धरून उभी होते आणि ताईने आतून पाणी मागितलं. तिला दिवसभरात पाणीही बेतानेच द्यायचं असतं. भाऊजींनी आपणहून पेला भरला. मला बरं वाटलं. ते खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पेल्यात बघत राहिले. मग वळून हळू आवाजात म्हणाले, "खिडके, हे देऊ ना?"

मी म्हटलं, द्या. साधं पाणी आहे.

"नक्की ना?"

तिने सकाळपासून किती पाणी प्यायलं होतं ते मला खरंच आठवत नव्हतं. तरी मी नक्की म्हटलं. ते हलले नाहीत. ताई आतून म्हणाली, अहो, आणताय ना? त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला होता, पाणी थोडं हिंदकळत होतं, आणि पाय उंबऱ्यापाशी तसेच. शेवटी मी हात पुसले, पेला त्यांच्याकडून घेतला आणि आत नेऊन दिला.